वेदना गुप्त नव्हे, दुर्लक्षित
दिल्लीत शिरणाऱ्या रेल्वेमार्गांलगतच्या भिंती ‘गुप्तरोगा’वर हमखास इलाजाची ग्वाही देतात, लैंगिक शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी असूनही! समागमात पुरुषाला होणारी वेदना ही दुर्बलता नव्हे. तिची कारणे शोधता येतात आणि बहुतेकांवर उपचारही आहेत: शिश्नाच्या घट्ट अग्रत्वचेवर मलम किंवा छोटी शस्त्रक्रिया, जिवाणूजन्य प्रोस्टेटदाहावर प्रतिजैविके, ओटीपोटाच्या तळाशी आखडलेल्या स्नायूंवर भौतिकोपचार. वारंवार बुरशीसंसर्ग होत असेल, तर मधुमेहाची तपासणी. मात्र अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणानेही संभोगवेदनेचे स्वतंत्र निदान स्त्रियांपुरतेच ठेवले. शास्त्राने मोकळी सोडलेली जागा भोंदू व्यापतात. डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून विचारल्याखेरीज त्या भिंती पुसल्या जाणार नाहीत.