अंडरस्कोर गेला, फरक राहिला

स्कालाच्या उमेदवाराला आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: डेफने लिहिलेली मेथड आणि व्हॅलमध्ये ठेवलेले फंक्शन, यांत फरक काय? अलीकडे उत्तर मिळते, ‘तसा काही नाही.’ दोष उमेदवाराचा नाही. भाषेनेच तो फरक नजरेआड केला आहे.

मेथड हे मूल्य नव्हे. ती आपल्या ऑब्जेक्टला बांधलेली. तिला कॉल करता येतो, पण उचलून यादीत टाकता येत नाही. फंक्शन मात्र स्वतःच ऑब्जेक्ट असते. त्याला कॉल केला की प्रत्यक्षात त्याची अप्लाय ही मेथड चालते. स्काला २ मध्ये मेथड नुसतीच व्हॅलला दिली, की कंपायलर अडवायचा आणि आपण कुरकुरत मागे अंडरस्कोर लावायचो. मे २०२१ मध्ये आलेल्या स्काला ३ने ती कटकट संपवली. आता मेथडचे फंक्शन कंपायलर गुपचूप करून देतो. या क्रियेचे नाव ईटा-एक्स्पान्शन; नावाला घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

सोय चांगलीच आहे, पण या रूपांतरात काही गोष्टी मागे राहतात. मेथडचे डिफॉल्ट आर्ग्युमेंट फंक्शनबरोबर येत नाही, हे कंपायलर लगेच सांगतो. दुसरी गोष्ट तो सांगत नाही. एका प्रकल्पात आम्ही चालू दरतक्ता मिळवणारा कॉल लिहून त्याच्यापुढे व्याजाची मेथड जोडली आणि ते सगळे एका व्हॅलमध्ये ठेवले. मध्यरात्री तक्ता बदलला. व्याज मात्र जुन्याच दराने निघत राहिले. कारण साधे होते. बिंदूच्या डावीकडचा भाग रूपांतराच्या वेळी एकदाच चालतो, आणि हाती आलेला तक्ता फंक्शन धरून बसते. तोच कॉल बाण काढून लॅम्डाच्या आत लिहिला असता, तर दर वेळी ताजा तक्ता मिळाला असता. दोन दिवस आम्ही डेटाबेसला शिव्या घालत होतो! (जावातल्या दुहेरी कोलनच्या मेथड रेफरन्सलाही हाच नियम लागू आहे. तेव्हा त्या बाजूच्या मंडळींनी हसू नये.)

अंडरस्कोर परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. पण बिंदूच्या डावीकडे बदलू शकणारे काही असेल, तर लॅम्डा पूर्ण लिहावा आणि कोड रिव्ह्यूत तसा आग्रह धरावा. आपल्या कोडमध्ये अशी एखादी व्हॅल दडली आहे का, ते या महिन्यात पाहा. सापडली तर आम्हाला जरूर कळवा.