फोटोत काही नाही, मग मावशीचं पोट काहून फुगलं?

पोस्ट जराशी मोठी आहे, पण वाचा.

मागच्या महिन्यात अकोट तालुक्यातल्या माझ्या मावशीचं पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही नाही. सोनोग्राफीत गॅसमुळे आतडं नीट दिसलं नाही. गॅसचं औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, उलटी हिरवी. मावसभाऊ फोनवर, "दादा, फोटोत काहीच नाही म्हनते, मंग पोट काहून फुगलं?"

अकोल्याला नेलं. तिथल्या सर्जननं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी पोटावरची टाक्यांची जुनी खूण पाहिली. वीस वर्षांपूर्वीचं पिशवीचं ऑपरेशन. "वारा सरतो का?" नाही. ऑपरेशननंतर आतडी आत चिकटतात आणि कधीतरी पीळ बसून रस्ता बंद होतो. सीटी स्कॅनमध्ये तेच दिसलं. पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण नाही, असं रिपोर्टात होतं. तरी नाडी वाढत होती, इंजेक्शननंही दुखणं थांबेना, म्हणून पहाटे पोट उघडलं. वीतभर आतडं काळं पडलेलं निघालं. कापावं लागलं. मावशी वाचली.

पहिल्या डॉक्टरवर राग काढायला हे लिहीत नाही. आतडं अडलं असतानाही साधा एक्स-रे साफ येऊ शकतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत हवा-पाण्याच्या पायऱ्या दिसल्या तर ठीक. आतडं नुसतं पाण्यानं भरलं असेल तर त्या दिसतच नाहीत. सीटी कितीतरी भरवशाची, पण आतडं मरायला लागलंय का, हे तीही दर वेळी सांगू शकत नाही. शिवाय फोटो त्या घडीचा. सहा तासांनी पोट वेगळं असतं.

चूक होते ती 'नॉर्मल' रिपोर्टावर पेशंट घरी पाठवण्यात. आणि आपणही तेच मागतो ना! पोट दाबून पाहणारा डॉक्टर आपल्याला जुनाट वाटतो.

मीही यातलाच. सीटी मशीनच्या उद्घाटनाच्या बातम्या फोटोसकट छापल्या. रात्री तिथं सर्जन असतो का, हे एकदाही विचारलं नाही. २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा गिनीज विक्रम झाला, तेव्हा तर भरभरून लिहिलं. पेशंट लवकर पोहोचेल हो, पण पोहोचल्यावर पोटावर हात कोण ठेवणार?

उलट्या, फुगलेलं पोट, शौच-वारा बंद आणि त्यात जुनं ऑपरेशन, एवढं असेल तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी पेशंट घरी नेऊ नका. "डॉक्टर, पुन्हा केव्हा तपासणार?" हे विचारा.

आणि तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री सर्जन असतो का, ते गावाच्या नावासह खाली लिहा. मी एकेका ठिकाणी रात्री जाऊन पाहणार आहे.