एडिटर पाहावा निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी संगणक नव्हता हे त्यांचं भाग्य. असता, तर ‘एडिटर पाहावा निवडून’ ही तिसरी ओळ त्यांना जोडावीच लागली असती. घर बांधताना निदान बँक कर्ज देते, लग्नात जेवण तरी मिळतं. एडिटर निवडताना मिळतात ती फक्त मतं.

मी साधा बी. कॉम. माणूस. दिवसा बँकेत दुसऱ्यांचे आकडे लिहायचे आणि रात्री स्वतःचे चार शब्द, हा माझा क्रम. त्यात गेल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. ठराव, नियम, पंपाची चावी कुणाकडे असते, टाकी कधी धुतली, सगळं नीट लिहून ठेवायची वेळ आली. लिहायला काय वापरू, असं मी भाच्याला विचारलं. चुकलो ते तिथेच.

“मामा, तू मार्कडाउनमध्ये लिही!”

मार्कडाउन ही जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००४ साली काढलेली पद्धत. साध्या मजकुरातच खुणा करायच्या. शीर्षकाआधी #, ठळक शब्दाच्या मागेपुढे दोन-दोन तारे, झालं. पुढे त्याचं वेबपान करा, छापील पान करा. या रूपातून त्या रूपात नेणारा पॅनडॉक नावाचा दुभाषीही आहे. तो २००६ साली जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी लिहिला. माणूस तत्त्वज्ञान शिकवत असूनही उपयोगी पडला, म्हणून मला विशेष आदर वाटला.

इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढच्या प्रश्नाशी आहे. मार्कडाउन लिहायचं, पण कुठल्या एडिटरात?

भाचा म्हणाला, विम. आमच्या बँकेतले सिस्टीमवाले साहेब म्हणाले, ईमॅक्स. दोन्ही घराण्यांची मुळं १९७६ सालातली, आणि गवयांच्या घराण्यांसारखं एकाने दुसऱ्याचं ऐकायचंच नाही, हा दोघांचा दंडक. तिसरा एक तरुण दरमहा पैसे घेणारा काळ्या पडद्याचा एडिटर सुचवून गेला. त्यात म्हणे मन एकाग्र होतं. माझं मन पासबुकाच्या रांगेसमोर पंचवीस वर्षं एकाग्र होत आलं आहे, त्याला काळा पडदा कशाला?

तरी भाच्याच्या शब्दाखातर विम उघडला. अर्धा ठराव लिहिला आणि बाहेर पडायला निघालो. आधी एस्केप दाबायचं, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि क्यू, असा मंत्र. मी एस्केप विसरलो आणि कीबोर्ड होता मराठीचा, इनस्क्रिप्ट. पडद्यावर उमटलं ‘छौ’. पुन्हा मारलं, पुन्हा ‘छौ’. सोसायटीच्या ठरावात चार वेळा ‘छौ’ आल्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, शिंका येतायत का?”

मंडळी, ही सगळी शस्त्रं साहेबाच्या कीबोर्डासाठी घडवलेली. इनस्क्रिप्टवर # मारायला जावं तर र-काराची खूण उमटते, तारा मारावा तर ‘श्र’ उमटतो. ‘१.’ लिहून यादी करावी तर मार्कडाउन ती यादी मानतच नाही, त्याला इंग्रजी एकच लागतो. दर खुणेला कीबोर्ड बदला! याबद्दल कुठल्याही घराण्याचा एकही गवई अवाक्षर बोलत नाही. ते भांडतात रंगांवर.

आणि जे विचारायला हवं, ते कुणीच विचारत नाही. एडिटर मेला तर मागे काय उरेल?

मी विचारतो, कारण मला ठेच लागली आहे. माझे वडील शाळामास्तर. २००१ साली त्यांनी आठवणी लिहिल्या आणि मी त्या टायपिंगवाल्याकडून संगणकावर घेतल्या. नव्वद पानं. कागदाची प्रत वाळवीने खाल्ली, पण सीडी मी लॉकरात जपली. वडील २०१४ साली गेले. दोन वर्षांपूर्वी सीडी लावली, तर वडिलांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि कंस. तेव्हाचे पुष्कळ मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असत. फाँट गेला की मराठीही गेलं. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आमच्या कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्यापर्यंत ती बातमी पोहोचली नव्हती.

भाच्याने कन्व्हर्टर लावला. वडील बरेचसे परत आले, पण मोडतोड होऊन. ‘वर्ग’चा ‘वगर्’ झाला, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. मी तीन महिने रोज रात्री एकेक शब्द टॅली करत बसलो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एडिटर हे पेन आहे, कुणीही कुठलंही वापरावं. भांडायचंच तर वहीसाठी भांडा. बँकेत एक जुना नियम आहे. क्लार्कची बदली झाली तरी लेजर पुढच्याला वाचता आलं पाहिजे. लिहिलेली फाइल शेजाऱ्याच्या जुनाट संगणकावर, फुकटच्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. खुणांसकट मजकूर वाचता आला, तर तुमचा एडिटर पास. नाही आला, तर त्याला रंग कितीही असोत, तुम्ही तुमचे शब्द त्याच्याकडे गहाण टाकले आहेत आणि पावती घेतलेली नाही.

मी नोटपॅडच घेतलं. ठराव त्यात आहेत, पंपाची चावी त्यात आहे आणि वडिलांची नव्वद पानंही आता त्यातच आहेत. फक्त एक नाव राहिलं. वडिलांनी ज्याची फी स्वतःच्या पगारातून भरली, त्या मुलाचं. कन्व्हर्टरने त्याची दोन अक्षरं गिळली, आणि विचारायला आता वडील नाहीत.

तो मुलगा मी सस्पेन्स खात्यात ठेवला आहे.