पाऊस कोणासाठी थांबत नाही



मागच्या शनिवारी वर्गात गंमत झाली. चौथीतला एक मुलगा मोबाईलवरच्या खेळाबद्दल रंगून सांगत होता, "बाई, माझं पार्स्निप चार दिवसांत तयार होतं!" पार्स्निप म्हणजे गाजरासारखं एक कंद. मी विचारलं, "आणि तुमच्या घरी भाताचा तरवा किती दिवसांनी लावतात रे?" तो डोकं खाजवायला लागला. खरं सांगू? मलाही नक्की ठाऊक नव्हतं!

खेळाचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून तो केला आणि 2016 साली तो बाजारात आला. यात मारामारी थोडी, काम फार. शहरातली नोकरी सोडून नायक आजोबांच्या रान माजलेल्या शेतावर येतो. रोज पाणी घाला, दगड काढा, दमलात की झोपा. एक ऋतू 28 दिवसांचा. तो संपला की त्या ऋतूचं उभं पीक वाळून जातं!

या खेळाची प्रेरणा जपानची. तिथले यासुहिरो वादा खेड्यात वाढले आणि टोकियोला नोकरीला गेले. तिथे त्यांना गावाची किंमत कळली. अगदी आपल्या चाकरमान्यासारखंच, नाही का? 1996 साली त्यांनी शेतीचा खेळ काढला. तो पुढे 'हार्वेस्ट मून' म्हणून जगभर गाजला.

घरी जाऊन मी सासूबाईंना तरव्याचं विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "वीस-पंचवीस दिसांचो झालो काय लावूचो. पाऊस कोणासाठी थांबणा नाय!" मग त्या सांगतच सुटल्या. पावसाआधी लाकडं माडीवर चढवायची, आमसुलं वाळवायची, कुळीथ डब्यात भरायचे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून सुकी मासळी आधीच भरून ठेवायची. ही सगळी पावसाळ्याची बेगमी. चुकलात तर चार महिने पंचाईत!

खेळात चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. कुणग्यात तसं नसतं. लावणी हुकली की वर्ष गेलं. आणि सांगणारं माणूस गेलं की विचारणार कोणाला? आमचा एक कुणगा सहा वर्षं पडीक आहे. यंदा सासूबाईंच्या देखरेखीखाली तो लावायचं ठरवलंय. जमेल की नाही, बघू. पण त्यांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून ठेवलंय.

पालकहो, मुलं असला खेळ खेळली तर लगेच रागावू नका. थोडा वेळ शेजारी बसा आणि त्यातूनच आपल्या शेताकडे गप्पा वळवा.

आणि मुलांनो, हा तुमचा गृहपाठ: आजी-आजोबांना विचारा, तुमच्याकडे पावसाआधी काय काय भरून ठेवत? त्यातलं आता काय बंद झालं? का बंद झालं? वहीत लिहा आणि आम्हालाही कळवा.

कळवाल ना?

तुमच्या बाई