तासांचा हिशेब पुरे

अभ्यास म्हणजे बैठक, हा आपल्याकडचा ठाम समज. पवईच्या आयआयटीत पोचलेल्या मुलांनाही वर्षानुवर्षं घरीदारी एकच प्रश्न विचारलेला असतो: आज किती तास बसलास? कॉलेजात तेच मोजमाप चालू राहतं. मिडसेमच्या आदल्या रात्री नोट्स पुन्हापुन्हा वाचल्या जातात, पानं हायलायटरने पिवळी होतात आणि ‘झालं सगळं’ असं मनापासून वाटतं.

हे वाटणंच फसवं आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चारही सत्रांत वाचला. काहींनी पहिल्या सत्रात वाचून उरलेल्या तिन्हींत न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि लक्षात राहील याची सर्वाधिक खात्री होती ती नुसतं वाचणाऱ्यांनाच! त्यांची बैठक कमी पडली नव्हती. आपल्याला काय येत नाही, हे त्यांना कळलंच नव्हतं.

स्वतःची समज तपासत बसायला वेळ कुठे आहे, आधी सिलॅबस तर संपू दे, असं कोणी म्हणेल. पण संपतो तो सिलॅबसच. थर्मोडायनॅमिक्सचं गणित उत्तर समोर ठेवून वाचलं की प्रत्येक पायरी पटते. वही मिटून तेच सोडवायला घ्या. सिस्टिम बंद धरायची की खुली, इथेच पेन थांबतं. चार तासांच्या वाचनात न दिसलेली ही जागा पाच मिनिटांत सापडते. उत्तर ताडून पाहण्याआधी समासात ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ लिहावं. ‘खात्री’ लिहून चुकलेलं गणित सर्वांत मोलाचं, कारण त्याकडे आपण पुन्हा फिरकलोच नसतो.

वर्ग मोठा असला तरी हे जमतं. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या भल्यामोठ्या वर्गात आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी ही पद्धत वापरली गेली. २०१३ च्या शोधनिबंधानुसार सरासरी ८३ टक्के मुलं त्यात गुंतलेली होती. मला त्यातली पहिली पायरी सर्वांत मोलाची वाटते. शेजाऱ्याचं ऐकण्याआधी स्वतःचं उत्तर कागदावर उतरलं, की चूक आपल्याच अक्षरात समोर येते.

तपासलेला पेपर हाती आला की मुलं बेरीज बघतात, अर्ध्या गुणासाठी भांडतात आणि तो बॅगेत कोंबतात. प्राध्यापकांनी त्याच तासाला दहा मिनिटं द्यावीत. कोणती चूक घाईची, कोणती न समजल्याची, आणि तयारी करताना ती का दिसली नाही, हे प्रत्येकाने लिहावं. एंडसेमचा अभ्यास त्या कागदापासून सुरू व्हावा.