लॉगिन कोणी वापरलं? कंटेनर काढला की उत्तरही जातं!

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अतिवृष्टी अनुदान घोटाळा २०२५ मध्ये गाजला. तलाठी निलंबित झाले. अशा कुठल्याही चौकशीत एक प्रश्न येतोच: लॉगिन कोणाचं होतं आणि ते प्रत्यक्ष वापरलं कोणी? कोणत्या आयडीने, कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून, किती वाजता काय केलं, याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. म्हणजे आपली आवक-जावक वहीच. पण ती टिकते का?

गोम कुठे आहे?

आज बऱ्याच ऑनलाइन सेवा डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं. नवी आवृत्ती आली की जुनं गाठोडं काढून टाकायचं. सेटिंग बदललं नसेल तर डॉकर लॉग एका जेसन फाइलमध्ये ठेवतो. कंटेनर काढला की तीही जाते. महिनोन्‌महिने चालू ठेवला, तर या फाइलला आकाराची मर्यादाच नाही. डिस्क भरते, सेवा बंद पडते.

मग करायचं काय?

लॉग कंटेनरबाहेर, सिस्टीमच्या लॉग सेवेकडे पाठवायचे. सिस्लॉग १९८० च्या दशकापासून आहे, लिनक्सवर आता जर्नलडीही असतं. डॉकरच्या सेटिंगमध्ये लॉग ड्रायव्हरची एक ओळ बदलायची. मात्र चालू कंटेनरना हा बदल लागत नाही, ते नव्याने तयार करावे लागतात. त्याआधी जुन्या लॉगची प्रत काढा, नाहीतर ऑडिटसाठी केलेल्या दुरुस्तीतच पुरावा जायचा!

एवढ्यावर थांबूही नका. जर्नलडीची मूळ मर्यादा जास्तीत जास्त ४ जीबी. त्यानंतर जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून लॉग दुसऱ्या सर्व्हरवर हवेत, तेही टीएलएसने. यूडीपीने पाठवलेल्या नोंदी वाटेत हरवल्या तरी कळत नाही.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांसह सर्वांना लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. माझ्या मते ही अट प्रत्येक सरकारी पोर्टलच्या निविदेत स्वतंत्र कलम म्हणून हवी. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडे लॉग पुसण्याचा अधिकार नको. तलाठ्याचं दप्तर मंडळ अधिकारी तपासतो, तलाठी स्वतः नाही. आणि हो, लॉगमध्ये पासवर्ड किंवा आधार क्रमांक लिहू नका.