संसारांतील हिशेब : रोजच्या साठ किलोमीटरांसाठीं जुनी मोटार

पूर्वीच्या पिढीस बैल पारखण्याची विद्या अवगत असे. जनावरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. शिंगांस रंग लावून आणि गळ्यांत घुंगुरमाळ घालून बैल सजविलेला असे. पण जाणता शेतकरी त्या सजावटीकडे ढुंकूनही न पाहतां प्रथम दांत पाही, मग खूर पाही, आणि शेवटीं बैलास चार पावलें चालवून त्याची चाल पाही. आज बैलाची जागा मोटारीनें घेतली. ती पारख मात्र आपण बाजारांतच विसरून आलों. एरवीं भाजीच्या जुडीसाठीं दोन रुपयांची घासाघीस करणारा गृहस्थ चारपांच लाखांची जुनी मोटार घेतांना रंगाची तकाकी आणि बैठकींचीं नवीं आवरणें पाहून होकार देऊन मोकळा होतो.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष रस्ता डोळ्यांपुढें ठेवूं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वांत आला. त्याच्या दक्षिण भागांतील एटापल्ली हें तालुक्याचें ठिकाण अरण्यानें वेढलेलें आहे. आलापल्लीहून तेथें जाण्यास सुमारें तीस किलोमीटर पडतात. समजा, एका एकत्र कुटुंबाचें बिऱ्हाड आलापल्लीस आहे. मामंजी सेवानिवृत्त आहेत, धाकटे दीर दुकान पाहतात आणि थोरली सून एटापल्लीच्या शाळेंत शिक्षिका आहे. जाऊन येऊन रोजचे साठ किलोमीटर झाले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाचे अठरा हजार किलोमीटर होतात. सणासुदीस देवदर्शनास नेण्याची मोटार वेगळी आणि हा भार वाहणारी मोटार वेगळी, हें घरांतील सर्वांनीं आधीं मनाशीं ठरवावें.

मोटारीच्या आधीं एस.टी.चा विचार अवश्य करावा. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांतून स्त्रियांस निम्म्या भाड्यांत प्रवास करतां येतो. गाडीची वेळ शाळेच्या वेळेशीं जुळत असेल तर त्याहून स्वस्त साधन दुसरें नाहीं. परंतु वेळ जुळत नसेल, परतीची गाडी चुकल्यास रानांतल्या वाटेवर कोणाची तरी विनवणी करावी लागत असेल, तर मोटार ही चैन न राहतां नोकरीचें साधनच होऊन बसते.

आतां रस्त्याचा स्वभाव पाहावा. सुरजागडच्या पहाडावरील लोहखनिजाचें उत्खनन २०२१ पासून पुन्हां जोरानें सुरू झालें, आणि २०२३ मध्यें वर्षास एक कोटी टनांपर्यंत खनिज काढण्यास परवानगी मिळाली. तें खनिज घेऊन अवजड ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या मार्गावरून धांवूं लागले. २०२५ मध्यें हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिजाचा लगदा वाहून नेणारी नळवाहिनी सुरू झाली खरी. तथापि अशा रस्त्यासाठीं मोटार घेणाऱ्यानें धूळ, खड्डे आणि समोरून येणारें अवजड वाहन या तीन गोष्टी गृहीतच धराव्यात. त्यांत पावसाळ्याची भर पडते. पर्लकोटेला पूर आला म्हणजे पलीकडील भामरागडाचा संबंध तुटतो, हें या भागांत प्रतिवर्षींचें बोलणें आहे.

येथें घरांत दोन पक्ष पडतात. साधारण त्याच पैशांत दहाबारा वर्षांची मोठी, भारदस्त मोटार मिळते, आणि चारपांच वर्षांची लहान मोटारही मिळते. वडील मंडळींचा ओढा बहुधा पहिलीकडे असतो. कारण तींत सारें कुटुंब बसतें आणि दारांत ती शोभून दिसते. पण रोज एकटीनें किंवा एखाद्या सहकारी भगिनीसह जाणाऱ्या सुनेच्या दृष्टीनें विचार केला तर निवाडा निराळा होतो. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींस चाकें न अडकूं देणारी ब्रेकची यंत्रणा, म्हणजे ए.बी.एस., सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकापुढील एअरबॅग आणि अतिवेगाची सूचना देणारी घंटा सक्तीची झाली. चालकाशेजारच्या बैठकीपुढील एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्व नव्या मोटारींत आली. ओल्या रस्त्यावर एकाएकीं गुरें आडवीं आलीं असतां जोरानें ब्रेक दाबूनही सुकाणूं हातांत राहणें हें ए.बी.एस.चें काम. दहा वर्षांपूर्वींच्या पुष्कळ मोटारींत, विशेषतः त्यांच्या स्वस्त आवृत्तींत, यांपैकीं कांहींच नसे. नोंदणीच्या दाखल्यावर मोटार कोणत्या महिन्यांत बनली तें लिहिलेलें असतें. तें वाचून २०१९ च्या उत्तरार्धानंतरची, आणि साधल्यास २०२२ नंतरची मोटार पाहावी. भारदस्तपणापेक्षां ही तारीख अधिक मोलाची आहे.

इंधनाचा हिशेब कागदावर मांडावा. पेट्रोलची मोटार लिटरास १८ किलोमीटर जाते असें धरलें तर वर्षास १,००० लिटर पेट्रोल लागेल. डिझेलची मोटार २२ किलोमीटर जाते असें धरलें तर सुमारें ८१८ लिटर डिझेल लागेल. पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर धरल्यास पहिलीचा खर्च १,०५,००० रुपये आणि दुसरीचा सुमारें ७५,००० रुपये होतो. म्हणजे डिझेलनें वर्षास तीस हजार वांचतात. पण डिझेलची मोटार एक लाखानें महाग पडत असेल आणि तिच्या दुरुस्तीस वर्षाला दहा हजार अधिक लागत असतील, तर खरी बचत वीस हजारांचीच, व तो लाख फिटण्यास पांच वर्षें लागतील. मोटार तितकीं वर्षें ठेवावयाची असेल तरच डिझेल घ्यावें. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते; ती आखूड फेऱ्यांनीं तुंबते, लांबच्या सलग प्रवासानें साफ राहते. म्हणून तीस किलोमीटरांच्या अशा वाटेवर तिचा त्रास कमी. उलट पेट्रोलवाल्यांनीं हें पाहावें कीं, २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल रूढ झालें, आणि एप्रिल २०२३ पूर्वींच्या बहुतेक मोटारी त्यासाठीं मुद्दाम बनविलेल्या नव्हत्या. त्यामुळें मायलेज थोडें कमी धरावें व रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. सी.एन.जी. मोटारीचा मोह झाल्यास आधीं आपल्या वाटेवर पंप आहे कीं नाहीं तें पाहावें.

मोटार कोणत्या कंपनीची असावी, या प्रश्नाचें उत्तर आलापल्लीच्या मिस्त्रीकडे मागावें. गडचिरोली शहर तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेव्हां ज्या मोटारीचा क्लचचा तुकडा वा ब्रेकची पट्टी आणण्यास दरवेळीं नागपूर गांठावें लागेल ती मोटार कितीही गुणी असली तरी आपल्या कामाची नाहीं. रस्त्यावर ज्या जातीच्या मोटारी सर्वांत अधिक दिसतात त्यांपैकींच एक निवडावी. जमिनीपासून मोटारीच्या पोटाची उंचीही पाहावी. ऑल्टोसारख्या लहान मोटारीची ती १६० मिलिमीटर आणि बोलेरोची १८० मिलिमीटर असते. हा दोन बोटांहून कमी फरक खड्ड्यांच्या रस्त्यावर तेलाची टांकी वांचवितो.

प्रत्यक्ष पाहणीस सकाळीं जावें आणि इंजिन आधीं तापवून ठेवूं नये असें विक्रेत्यास सांगून ठेवावें. कारण दोष थंड इंजिनच दाखवितें. सुरू केल्यावर निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर आंत पाणी शिरत असावें. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाहीं. तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ साय दिसली तर तेथूनच परत फिरावें. टायरच्या कडेला चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एका अंगानेंच झिजला असेल तर चाकांची दिशा वा खालचा सांगाडा बिघडला आहे. आसनपट्टा पूर्ण ओढून त्याच्या मुळाशीं गाळाची रेघ दिसते कां पाहावें. २०१५ साली चेन्नईस महापूर आला, तेव्हां पाण्यांत बुडालेल्या मोटारींची संख्या मोठी होती, आणि अशी मोटार धुऊनपुसून कोठेंही विकली जाऊं शकते. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, पण झिजलेलें क्लचचें पायदान आणि गुळगुळीत झालेलें सुकाणूं खोटें बोलत नाहीं. दुरुस्तीच्या पावत्यांवरील आंकडे क्रमानें वाढत गेलेले आहेत कां तेंही ताडून पाहावें. मिस्त्री आपला असावा, आणि त्याची मजुरी आपण द्यावी. विक्रेत्याच्या ओळखीचा मिस्त्री हा वराकडील ज्योतिषी होय. शेवटीं ज्या सुनेला ती चालवावयाची आहे तिनें स्वतः खराब रस्त्यावरून, माणसें भरून, आणि एकदां अंधारांत दिवे लावून ती चालवून पाहावी. क्लच जड आहे, बैठक खालीं आहे, पुढचें नीट दिसत नाहीं, ही तिची तक्रार हसण्यावारीं नेऊं नये.

कागदपत्रांत कुचराई केल्यास पैसा आणि अब्रू दोन्हीं जातात. मोटार बँकेकडे गहाण असेल तर तो बोजा उतरल्याचा नमुना ३५ विक्रेत्याकडून घ्यावा. हस्तांतरासाठीं नमुना २९ व ३० लागतात. परराज्यांतली मोटार असेल तर तेथील कचेरीचें ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, लागतें आणि येथील कर निराळा भरावा लागतो. दूरच्या शहरांतली स्वस्त मोटार या करामुळेंच कधीं कधीं महाग पडते. मोटार घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी कचेरीस कळवावयाचें असतें, आणि विमा आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विक्रेत्याचा ‘नो क्लेम’ बोनस त्याच्याबरोबर जातो, आपणांस मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक, मग मोटार मध्यें कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून शेजारधर्मानें विकणाऱ्यासही नांव बदलण्याची घाई असली पाहिजे.

याच ओघांत एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. आपल्या घरांत मोठी वस्तु घ्यावयाची म्हणजे ती मामंजींच्या किंवा थोरल्या मुलाच्या नांवावर, ही जुनी वहिवाट. मोटारीच्या विम्यांत मालक-चालकासाठीं १५ लाख रुपयांचें अपघात-संरक्षण असतें. पण तें नोंदणीकृत मालक स्वतः वैध परवान्यानिशीं चालवीत असेल तरच लागू पडतें. मोटार मामंजींच्या नांवावर आणि रोजची वाट सुनेची, अशी मांडणी असेल तर त्या संरक्षणाचा लाभ तिला नाहीं. तिचीं लहान मुलें ज्या रकमेवर उद्यां विसंबतील ती केवळ एका नांवाच्या शिष्टाचारापायीं हातची जावी, हें कोणत्याही समंजस वडीलधाऱ्यास रुचणार नाहीं. जी चालविते तिच्या नांवावर मोटार घ्यावी. तें शक्य नसेल तर तिच्यासाठीं वेगळा अपघात-विमा घ्यावा. यांत वडिलांचा मान कमी होत नाहीं. कुटुंबाचें कर्तेपण अशाच वेळीं दिसतें.

किंमत ठरवितांना सारी शिल्लक विक्रेत्याच्या हातांत देऊं नये. ठरविलेल्या रकमेपैकीं आठवा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या टायर, बॅटरी आणि ब्रेकसाठीं बाजूस ठेवावा. धुळीच्या वाटेवर हवेची गाळणी पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीच्या आधींच पाहावी. मोटारींत सुटें चाक, जॅक, विजेरी व पाणी असावें, आणि सुटें चाक बदलण्याचें शिक्षण सुनेनें दारांतच एकदां घ्यावें. एकत्र घरांत मोटार सर्वांची होते आणि मग दुरुस्ती कोणाचीच राहत नाहीं. म्हणून एक वही घालावी, तींत रोजचे किलोमीटर व इंधन लिहावें, आणि सकाळची किल्ली जिची नोकरी आहे तिचीच असा दंडक असावा. दिरांस लग्नास जावयाचें असेल तर त्यांनीं सुटीचा दिवस पाहावा.

शेवटचें सांगणें पावसाळ्याचें. वाहत्या पाण्याची एक फूट उंची लहान मोटारीस तरंगवून नेण्यास पुरेशी असते. उत्तम ब्रेकही तेथें निरुपयोगी ठरतात. पुलावरून पाणी वाहूं लागलें असतां मोटार अलीकडे उभी करून थांबावें, किंवा मागें फिरून ओळखीच्या घरीं रात्र काढावी, आणि घरच्यांनींही उशीर कां झाला म्हणून तिला बोल लावूं नये. ‘वेळेवर पोंचलेंच पाहिजे’ ही धास्ती जिच्या मनावर नसेल ती थांबेल. आणि ही धास्ती काढून टाकणें मोटारीच्या नव्हे, घराच्या हातीं आहे.